पलटणीतून परत न आलेला गावचा पोरगा: माहिती कशी काढायची, दगड कसा लावायचा, दिवस कसा पाळायचा

कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. तिच्यावरचा इंग्रजी मजकूर सगळीकडे जवळपास एकच आहे: या गावातून इतके जण १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे खोदले, नावं खोदली नाहीत. त्यामुळे कोण गेला हे घरच्यांनी लक्षात ठेवलं तेवढंच उरलं, आणि तीन पिढ्यांनंतर घरच्यांकडेही 'आजोबांचा एक भाऊ बसऱ्याला गेला होता' यापलीकडे काही राहिलं नाही.

अशा शिपायाचं स्मारक करायला गाव निघालं की पहिली धाव पुतळ्याकडे जाते. हा क्रम उलटा आहे. नाव, पलटण, तारीख आणि ठिकाण या चार गोष्टी कागदावर पक्क्या झाल्याशिवाय दगडाला छिन्नी लावू नका, कारण दगडावरची चूक पुढे पुरावा म्हणून वापरली जाते. खाली दोन्ही महायुद्धांत गेलेल्या शिपायांची पद्धत दिली आहे आणि उदाहरणाला नाईक यशवंत घाडगे घेतले आहेत (नाईक हा पलटणीतला हुद्दा). माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा पोरगा १० जुलै १९४४ ला इटलीत, वयाच्या २२ व्या वर्षी पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची माहिती भरपूर उपलब्ध आहे. तुमच्या शिपायाची तेवढी नसेल, पण वाट तीच.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी काम बरंच सोपं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात पंचवीस हजारांहून जास्त नावं ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत, ती स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे कुटुंबाची नोंद असते. दगड आणि कार्यक्रम यांबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनाही तसंच लागू पडतं.

आधी घरातली पेटी

पहिल्या महायुद्धाची मेडलं मिळाली तर निम्मं काम तिथेच होतं. चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या भागावर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. समोरच्या राजाच्या मुखवट्याचा फोटो काढून उपयोग नाही. फोटो कडेचा हवा. मेडल उभं धरून टॉर्चचा उजेड एका बाजूने, जवळजवळ आडवा पाडा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि झिजलेलं नावही वाचता येतं. तरीही जमलं नाही तर बटर पेपरची अर्धा इंच रुंद पट्टी कडेभोवती गुंडाळून मऊ पेन्सिल, ४बी असेल तर उत्तम, हलक्या हाताने फिरवा.

मेडल ब्रासो, चिंच, रांगोळी किंवा कोलगेटने घासायचं नाही. कडेवरची अक्षरं आधीच उथळ असतात आणि दर पाडव्याला घासलेल्या मेडलांची कड शेवटी गुळगुळीत झालेली सापडते. काळं पडलेलं मेडल वाचता येतं, चकचकीत केलेलं येत नाही. हेच ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून कांस्याचं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. मजूर दलांना कांस्याचं देत, म्हणजे तुमचा माणूस रायफल घेऊन नव्हे तर ओझी वाहायला, रस्ते बांधायला गेला होता. शोध मग पलटणीत न करता लेबर कोअर आणि पोर्टर कोअरमध्ये करायचा.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जड कांस्याची थाळी निघाली तर ती मेलेल्या शिपायाच्या वारसाला दिलेली स्मृतिपट्टिका आहे. हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री, शेजारी सिंह आणि उजवीकडे चौकटीत नाव अशी ती ओळखायची. तिच्यावर हुद्दा किंवा नंबर नसतो, नुसतं नाव असतं. काही घरांत ती देव्हाऱ्यात आहे, काही घरांत धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा टोकांच्या ताऱ्यांवर नाव असलं तर ते मागच्या बाजूला मिळतं.

मेडल सोनाराकडे गेलं असेल, आणि चांदीची असल्यामुळे पुष्कळ गेली, तर कागद शोधा. विधवेच्या पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, मृत्यूची तार, सैनिकी पोशाखातला फोटो. फोटोत टोपीचा बिल्ला आणि खांद्यावरची अक्षरं दिसतात का ते भिंगाने पाहा. आणि हे सगळं फक्त मूळ घरी मिळेल असं धरू नका. त्याच्या बहिणी ज्या गावांत दिल्या तिथेही जा. भाऊ गेल्यावर त्याचा एकुलता फोटो बहिणीने सासरी नेला, असं वारंवार निघतं. म्हाताऱ्या माहेरवाशिणींना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. पलटणीत गेलेल्या भावावरच्या ओवीत गावाचं, बंदराचं नाहीतर बोटीचं नाव अवचित येऊन जातं.

मग तालुक्याला

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत असू द्या. रणांगणावर मेलेल्याची मृत्यूनोंद बहुधा गावात नसते, म्हणून तिच्यामागे लागू नका. जन्माची नोंद आणि वडिलांचं पूर्ण नाव एवढंच इथून घ्यायचं. वय पक्कं करायचं असेल तर प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघा, मात्र १ जून ही जन्मतारीख दिसली की ती गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली आहे असं समजा. दगडावर ती घालायची नाही, नुसतं वर्ष घाला.

सातबाऱ्याचे जुने फेरफार जास्त कामाचे आहेत. शिपायाच्या नावावर जमीन असेल तर वारस नोंदीत त्याची बायको, भाऊ, मुलं यांची नावं ओळीने येतात. गावात एकाच नावाचे दोघे असले, आणि पांडू, बाळू, रामा, सखाराम असे दोघे असतातच, तर त्यांना वेगळं करायला हाच कागद चालतो.

युद्धमृतांच्या यादीत नाव शोधणं

राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोग, म्हणजे सीडब्ल्यूजीसी, १९१७ मध्ये स्थापन झाला. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरला आहे. या तारखा महत्त्वाच्या आहेत. घरात 'जर्मनच्या लढाईत गेला' म्हणतात, पण प्रत्यक्षात तो १९२० साली वझिरीस्तानात मेलेला असतो. तोही या यादीत येतो.

मराठी नावं शोधताना अडतं ते स्पेलिंगवर. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं आहे. त्यासाठी काही गोष्टी सवयीने करा:

– शिपायाचं पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून बघा. पहिल्या महायुद्धातल्या असंख्य शिपायांचं एकच नाव नोंदलं आहे आणि ते आडनाव म्हणून पडलं आहे. 'जाधव' शोधून मिळणार नाही, 'बाबू' शोधून मिळेल.

– पलटणीच्या नावात 'मराठा'चं जुनं स्पेलिंग चालवा: एम, ए, एच, मग आर, ए, दोन टी, ए. मधला एच आणि दुहेरी टी विसरलात तर यादी रिकामी येते.

– 'यशवंत'मध्ये वायनंतर ए नाही, ई. जाधवच्या शेवटी व्हीऐवजी ओ, शिंदेत एसनंतर एच नाही, घाडगेचं घाटगे, मोरेचं मोरी. आधी ढोबळ शोधा, मग यादी डोळ्यांनी चाळा.

– सेवेच्या रकान्यात 'इंडियन' निवडा आणि अधिक माहितीच्या रकान्यात जिल्हा किंवा तालुका टाका. जिल्हा त्या काळचा हवा. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, आजच्या सांगलीतली गावं साताऱ्यात होती. सावंतवाडी, कोल्हापूर, भोर ही संस्थानं म्हणून येतात. 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तमुक तालुका' अशी ओळ मिळाली की समजा सापडला.

पलटण मराठाच असेल असं धरून चालू नका. मराठी मुलुखातले शिपाई बॉम्बे सॅपर्समध्ये, ग्रेनेडियर्समध्ये, तोफखान्यात, वैद्यकीय दलात होते. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहून १९२१ मध्ये मोडली गेली, आणि महार रेजिमेंट बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ ला उभी राहिली. रत्नागिरीचे खलाशी तर व्यापारी बोटींवर होते, त्यांची यादी वेगळी. मराठा पलटणींचे आकडेही १९२२ मध्ये बदलले: १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची. घरात कोणी '११० मराठा' म्हणत असेल आणि माणूस दुसऱ्या महायुद्धातला असेल, तर तो जुन्या आकड्याने तिसऱ्या बटालियनबद्दल बोलतो आहे. घाडगे याच बटालियनचे, कागदावर '३/५ मराठा', म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन.

स्मारकाचं नाव म्हणजे मृत्यूचं ठिकाण नव्हे

सर्वात जास्त चुका इथे होतात. यादीत घाडगे यांच्या नावापुढे कॅसिनो मेमोरियल असं येतं. तेवढं वाचून 'कॅसिनोच्या लढाईत वीरमरण' लिहायचा मोह होतो. पण कॅसिनोची लढाई मे १९४४ मध्ये संपली होती, घाडगे जुलैत पडले, आणि ते ठिकाण रोमच्या उत्तरेला उंब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे, तर कॅसिनो रोमच्या दक्षिणेला. इटलीत ज्यांचा देह मिळाला नाही अशा चार हजारांवर जणांची नावं एकत्र कॅसिनोला कोरली, त्यात त्यांचंही आलं.

बाकीची स्मारकंही अशीच वाचायची. बसरा मेमोरियल म्हणजे मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, कुठेही मेलेला आणि कबर नसलेला. तिथल्याच कुत शहराच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. शरणागतीनंतर कैदेत वाटेत मेलेल्यांच्या तारखा म्हणूनच अंदाजे आहेत, त्या दगडावर दिवसासकट लिहू नका, महिना आणि साल पुरे. बसऱ्याला हिंदी शिपायांची नावं मूळ भिंतीवर कोरलीच नव्हती, पलटणवार फक्त संख्या होती. नावं नोंदवहीत आहेत. तिथे कुणी जाऊन नावाचा फोटो आणायचं कबूल करत असेल तर त्याला आधीच सांगा.

न्यूव्ह शापेल म्हणजे फ्रान्स-बेल्जियमची आघाडी, तिथे ४,७०० वर हिंदी नावं आहेत. इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं कोरलेली आहेत. पुण्यात खडकीला होळकर पुलाजवळ युद्धस्मशान आहे, पण तिथे तुमच्या पणजोबांचं नाव नसलं तर घाबरू नका. हिंदू शिपायांचं दहन होत असे, कबर नसे, आणि तिथली १९१४–१८ ची पाटी हिंदुस्थानात मेलेल्यांसाठी आहे.

पराक्रम कसा सांगायचा

शौर्यपदक असेल तर लंडन गॅझेट ऑनलाइन बघा, व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र त्यात छापलेलं असतं. घाडगे यांचं नोव्हेंबर १९४४ चं आहे. ते वाचताना प्रत्येक वाक्य थांबून वाचा, कारण सगळा माणूस त्यातच आहे. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन चालली आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरलं नाही हे माहीत असूनही ते न थांबता मशीनगनच्या मोर्चावर धावले. आधी हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा उडवला. मग टॉमीगनने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या मशीनगनने, एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. नंतर छातीत आणि पाठीत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि ज्या मोर्चावर ताबा मिळवला होता तिथेच ते गेले.

'वेळ नव्हता' हे दोन शब्दांत येतं. मुलांना सांगताना ते उघडून दाखवा. टॉमीगनच्या मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या, आणि वेग मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्यांचा. म्हणजे घोडा दाबून धरला तर मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. नवीन लावायचं तर रिकामं काढा, कमरेच्या थैलीतून भरलेलं काढा, बसवा, खटका ओढा. समोर दोन-चार हातांवर दोन माणसं. बंदुकीचं वजन पाच किलोच्या आसपास, आणि नुकत्याच चाललेल्या बंदुकीची नळी तापलेली. बावीस वर्षांच्या नाईकाने ती तिथेच धरली. यावर एकही विशेषण चढवायची गरज पडत नाही.

उलट, जे कागदात नाही ते घालू नका. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही मराठा रेजिमेंटची युद्धघोषणा आहे हे जरूर सांगा, पण त्या क्षणी घाडगे यांनी ती दिली असं लिहू नका. आईला उद्देशून शेवटचे उद्गार, तिरंग्यासाठी प्राण, पाकिस्तानी सैनिक, असलं काहीबाही पोवाड्यांत आणि व्हॉट्सअॅपवर शिरतं. शाहिराला पोवाडा सांगितला असेल तर त्याच्या हातात आधी एक पानाचं टिपण द्या आणि म्हणून दाखवताना तारीख-ठिकाण तपासा. लय त्याची, तपशील तुमचा.

पदक नसेल, आणि बहुतेकांना नव्हतंच, तर त्या तारखेला पलटण कुठे होती ते काढा. पहिल्या महायुद्धातल्या तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहेत, पुष्कळशा स्कॅन झाल्या आहेत. त्यात शिपायांची नावं क्वचित असतात, पण 'पहाटे हल्ला, मृत अमुक, जखमी तमुक' अशी ओळ मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळावरही पलटणीच्या नावाने शोधा. शिपायाच्या नोकरीचा कागद लंडनला नसतो. मराठा असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला, महार असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला पत्र लिहा. पत्रात नंबर, नाव, बटालियन, मृत्यूची तारीख आणि सीडब्ल्यूजीसीच्या नोंदीची छापील प्रत हवी. नुसतं 'आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते' असं पत्र कुठल्याच टेबलावर पुढे सरकत नाही.

जुनी पाटी: हात आवरा

चावडीतली संगमरवरी पाटी साफ करायला उत्साही मंडळी टॉयलेटचं ॲसिड घेऊन येतात. संगमरवर म्हणजे चुनाच. ॲसिड पडलं की फेस येतो, तो मळ निघाल्याचा नव्हे, दगड विरघळल्याचा. एका धुण्यात अक्षरांच्या कडा बोथट होतात. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांनीही तेच होतं. स्वच्छ पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, आणि अगदीच चिकट मळ असेल तर बादलीभर पाण्यात चमचाभर साधा भांड्यांचा द्रव साबण. आधी कोपऱ्यात दोन इंचांत करून बघा. शेवाळं असेल तर पाटी ओली करून तासभर ओल्या फडक्याने झाकून ठेवा आणि लाकडी सुरीने काढा, तारेच्या ब्रशने नाही.

शेंदूर, ऑइलपेंट, सोनेरी रंग काही लावू नका. रंगाखाली पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रा दगडासकट सुटतो. चावडी पाडून नवी ग्रामपंचायत बांधायची असेल तर ठेका देताना पाटी काढून बसवण्याची अट लेखी घाला. राडारोड्यात गेलेल्या पाट्यांची कथा सगळीकडे एकच आहे: कुणीच फेकली नाही, आणि मिळतही नाही.

नवा दगड

पुतळा हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाची मातीच्या नमुन्याला मान्यता, जागेची कागदपत्रं, देखभालीची हमी, एवढं सगळं लागतं. फोटो नसताना पुतळा करू नये हे आमचं स्पष्ट मत. मग कारागीर कॅलेंडरवरचा चेहरा बसवतो आणि तो कुणाचाच नसतो. शिलालेख स्वस्त, टिकाऊ आणि प्रामाणिक. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव घ्या, ठरावात पूर्ण मजकूर शब्दशः लिहा.

कोकणात काळा ग्रॅनाइट घ्या, किमान २० मिलिमीटर जाड. एका शिपायासाठी दोन फूट बाय दीड फूट पुरतं. जांभ्याच्या चौथऱ्यावर बसवायचा तर जांभा पाणी पितो हे लक्षात ठेवा. मागे थेट सिमेंट थापलं तर ओल दगडाच्या पोटात येते आणि पुढे पांढरे ओघळ दिसतात. मागे अर्धा इंच पोकळी ठेवा, खाली पाणी जायला दोन भोकं ठेवा आणि स्टेनलेस स्टीलच्या ८ मिलिमीटरच्या चार खुंट्यांवर इपॉक्सीने दगड टांगा. लोखंडी सळीचे तुकडे वापरले तर गंजून फुगतात आणि कोपऱ्यातून दगड फोडतात. पाटी किंचित मागे कललेली हवी, पण आडवी नको, आडवीवर पाणी आणि पाला साचतो.

नावाचं अक्षर ३० मिलिमीटर, बाकी मजकूर १८ ते २० मिलिमीटर, त्याहून लहान नको. अनुस्वार आणि रफार यांचे टवके आधी उडतात, म्हणून बारीक नक्षीदार टाइप टाळा. कारागिराला मजकूर व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवलात की त्याच्या जुन्या फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'व्हिक्टोरिया'चं काहीतरी भलतंच होतं. पूर्ण मापाचं छापील कागद भिंतीवर चिकटवा, घरातल्या दोन माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या, त्यावर सह्या घ्या, मग खोदू द्या.

मजकूर असा पुरतो:

नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस
तिसरी बटालियन, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री
जन्म १६ नोव्हेंबर १९२१
वीरमरण १० जुलै १९४४, टायबर नदीचे वरचे खोरे, इटली
वय २२

वय वेगळ्या ओळीत घालाच. तारखांची वजाबाकी कोणी करत बसत नाही, आणि बावीस वाचल्यावर माणूस थबकतो. खाली गावाचं नाव आणि ग्रामस्थ एवढंच. कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या निधीतून, उपस्थित मान्यवर कोण, हे त्या दगडावर नको. हवं तर चौथऱ्याच्या मागच्या बाजूला वेगळी फरशी लावा. शिपायाच्या नावापेक्षा आमदारांचं नाव मोठं, असे दगड पुष्कळ आहेत.

दिवस पाळायचा तर

मृत्यूची तारीख आणि घरची तिथी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही चालू द्या. गावाचा कार्यक्रम तारखेला, श्राद्ध घरच्यांच्या रीतीने. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी सांगितली आहे, आणि तिथीच ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे.

१० जुलै म्हणजे कोकणात धो धो पाऊस आणि लावणीची घाई. अशा वेळी मोठा कार्यक्रम उघड्यावर ठेवला तर खुर्च्या रिकाम्या राहतात आणि माइक बंद पडतो. दगडापाशी सकाळी साडेआठला पंधरा मिनिटं, आणि बाकीचं शाळेच्या हॉलमध्ये, असं करा. जत्रेसारखा सोहळा हवा असेल तर तो हिवाळ्यात वेगळा घ्या.

पंधरा मिनिटांचा क्रम: आधी घरच्यांचं पुष्पचक्र, मग माजी सैनिक, मग सरपंच. बिगुलवर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, 'राऊज' ही उठण्याची धून, मग मानपत्राचं वाचन. बिगुलर हवा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या एनसीसी तुकडीला किमान महिनाभर आधी लिहा. बिगुल मिळाला नाही तर ब्लूटूथ स्पीकरवर वाजवण्यापेक्षा शांतता बरी, कारण मधेच कुणाचा तरी फोन जोडला जातो. स्तब्धतेची वेळ घड्याळ धरून एकाने सांभाळायची. अंदाजाने केली की चाळीस सेकंदांत संपते. माजी सैनिक स्वतःची मेडलं डाव्या छातीवर लावतात, वारसाने आजोबांची लावायची तर उजव्या.

तिरंगा अनावरणाचं फडकं म्हणून दगडावर किंवा पुतळ्यावर टाकायचा नाही, ध्वजसंहितेत हे स्पष्ट आहे. साधं भगवं किंवा पांढरं कापड घ्या. झेंडा अर्ध्यावर उतरवणंही आपल्या मनाने करायचं नाही, त्याला सरकारी आदेश लागतो. शोक दाखवायचा तर काळी फीत.

शाळेसाठी एक पान करा: वर नकाशा, त्यात गाव आणि मृत्यूचं ठिकाण, खाली दहा ओळी. घाडगे यांच्या पानावर इटलीतल्या मोंतोने गावाचा उल्लेख हवाच. २०२३ च्या जुलैत तिथल्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं, त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ 'आपण सगळे एकाच सूर्याखाली' असा आहे. इटलीत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ मेले, हे आकडे मुलांना सांगा, पण नंतर. आधी बावीस वर्षांचा एक.

युरोपात राहणारे मराठी लोक मोंतोनेला किंवा कॅसिनोला जाणार असतील तर त्यांच्याकडे आधी फलकाचा क्रमांक द्या. तो सीडब्ल्यूजीसीच्या नोंदीत असतो. फलकावर नावं पलटणीनुसार, त्यात हुद्द्यानुसार आणि मग अक्षरक्रमाने आहेत. क्रमांकाशिवाय चार हजार नावांत शोधत बसावं लागतं. नावाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना घ्यायला सांगा.

नोंद चुकली असेल तर

वडिलांचं नाव, गाव किंवा वय चुकीचं दिसलं तर सीडब्ल्यूजीसीला संकेतस्थळावरून दुरुस्ती कळवता येते. त्यांना त्या काळचा कागद लागतो: मेडलच्या कडेचा फोटो, पेन्शनचं पुस्तक, कोतवाल बुकाची नक्कल आणि मोडीचं लिप्यंतर. प्रतिज्ञापत्र किंवा सरपंचाचा दाखला एकटा पुरत नाही. मूळ कागद पाठवू नका, स्कॅन पाठवा, ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंचे. उत्तराला महिने लागतात, तोवर दगड खोदायचं थांबवा. गोळा झालेल्या सगळ्याच्या तीन प्रती काढा: एक घरी, एक शाळेच्या कपाटात, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोच घेऊन. मेडल आणि थाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल धरते. सुती कापडात गुंडाळून आम्लरहित कागदाच्या खोक्यात ठेवा, आणि खोक्यावर आत काय आहे ते पेन्सिलने लिहा.